ऑफिक्लाइडच्या गळ्यातून ऑपेरा : प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी

मे महिन्यात हडर्सफील्डजवळच्या एका चर्चमध्ये दुपारच्या मैफिलीत चाळीस मिनिटं मिळाली आहेत. त्यात फक्त ऑपेरातली गाणी वाजवायची, तीही खर्जातल्या, ओठांच्या कंपनाने वाजणाऱ्या ब्रास घराण्यावर: लाकडी सर्पंट, चाव्यांचं पितळी ऑफिक्लाइड आणि माझं नेहमीचं, व्हॉल्व्हचं युफोनियम. सोबत पियानो.

दोन अटी मीच घालून घेतल्या. गाणं मूळ पट्टीत वाजवायचं आणि व्हेरिएशन्स करायची नाहीत. एकोणिसाव्या शतकात ब्रासच्या एकल वादकांनी ऑपेराचं जे केलं ते बरंचसं असं: बेलिनीची एखादी चाल घ्यायची, एकदा सरळ वाजवायची आणि मग तिच्यावर तानांचा भडिमार करायचा. कॉर्नेटवादक आर्बनच्या १८६४ च्या कॉर्नेटच्या पुस्तकात शेवटी अशा बारा रचना आहेत, बेलिनीच्या 'नॉर्मा'वरची त्यातलीच एक. त्या मी घोटल्यात, बोटांना त्याचा फायदाही झाला. पण गायिका कुठे श्वास घेते, कोणत्या अक्षरावर रेंगाळते, कोणता शब्द गिळते, यातलं काहीच तिथे उरत नाही. मला तेच हवंय. आपल्याकडे सतारवाले आणि बासरीवाले ज्याला गायकी अंग म्हणतात, ते या धुडांवर कितपत येतं ते बघायचं.

२० जानेवारी

ऑफिक्लाइड घरी आलं. एका वयस्कर संग्राहकांनी वर्षभरासाठी दिलंय. सी पट्टीचं, अकरा चाव्यांचं, इंग्लंडमध्ये घडवलेलं.

या वाद्याचा ऑपेराशी संबंध जन्मापासूनचा. पॅरिसच्या हलारी या कारागिराने ते १८१७ मध्ये तयार केलं, पेटंट घेतलं १८२१ मध्ये, आणि मधल्या काळात, १८१९ साली, स्पाँतिनीच्या 'ओलिम्पी'त ते पॅरिसच्या रंगमंचावर वाजूनही झालं. पुढे मायरबीअर, बर्लिओझ, मेंडेल्सझोन, तरुणपणीचा वाग्नर, सगळ्यांनी वापरलं. १८३५ मध्ये बर्लिनला बास ट्यूबाचं पेटंट निघालं आणि हळूहळू याची खुर्ची ट्यूबाने घेतली.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: शंकूसारखी रुंद होत जाणारी पितळी नळी, मधोमध दुमडून उभी धरलेली. ओठ लावायला ट्रॉम्बोनसारखा वाटीचा माउथपीस, पण व्हॉल्व्ह नाहीत. नळीच्या अंगावर मोठाली भोकं आणि त्यांच्यावर चावीची झाकणं, सॅक्सोफोनसारखी. नळीच्या रुंद तोंडाजवळचं एक झाकण एरवी उघडं, बाकीची सगळी बंद. ते एक दाबलं की सगळ्यात खालचा स्वर. दुसरी कुठलीही चावी दाबली की नळी तिथे 'फुटते' आणि स्वर चढतो.

म्हणजे झाकण नीट बसलं नाही तर वाद्यच नाही. आज दिवसभर पातळ कागदाच्या पट्ट्या प्रत्येक पॅडखाली सरकवून ओढून पाहिल्या. पट्टी अडकली तर झाकण घट्ट, सुळकन निघाली तर गळती. दोन पॅडं कडेने कडक झाली आहेत. ती बदलून घ्यायला दिली.

२७ जानेवारी

पॅडं बसली, वाद्य बोलतंय. आता पट्टीचा घोळ.

हे वाद्य इंग्लंडच्या जुन्या उंच पट्टीचं आहे, मधला ए ४५२ हर्ट्झच्या आसपास. आजची पट्टी ४४०. फरक जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा, म्हणजे पियानोशी ना धड जुळणार ना धड एक स्वर खाली वाजवून भागणार. इथल्या ब्रास बँडांनी ही उंच पट्टी १९६० च्या दशकापर्यंत धरून ठेवली होती, त्यामुळे जुन्या बँडवाल्यांना या दुखण्याचं नवल नाही. त्यांचा उपाय एकच: माउथपीसच्या बाजूला नळीचा तुकडा जोडा.

जोडून पाहिला. हिशोब सोपा आहे. साधारण अडीच मीटरच्या नळीला सातेक सेंटिमीटर वाढवले की सगळ्यात लांब स्वर ४४० ला येतो. पण भोकं जिथल्या तिथेच राहतात! जो स्वर नळीच्या सत्तर टक्के लांबीवर वाजतो त्यालाही तेच सात सेंटिमीटर भोवतात, आणि आखूड नळीला ते जास्त जड जातात. परिणाम असा की खालचा सी सुरात आणि त्याच सप्तकातला एफ शार्प वीसेक सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरलेला. प्रत्येक स्वर ओठांनी ओढून वर न्यायचा म्हणजे गाणं राहिलं बाजूला, नुसती ओढाताण.

पियानोवाल्या बाईंनी तोडगा काढला. त्यांचा इलेक्ट्रिक पियानो बटणावर पट्टी बदलतो. ऑफिक्लाइडच्या गाण्यांना पियानोच ४५२ वर न्यायचा, युफोनियमच्या गाण्यांना परत ४४० वर आणायचा. चर्चमध्ये उत्तम ग्रँड पियानो आहे, तो झाकलेलाच राहील. चर्चवाल्यांना वाईट वाटेल बहुधा, पण वाद्याला त्याच्या जन्माच्या पट्टीत गाऊ देणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

३ फेब्रुवारी

पहिलं गाणं: हेंडेलच्या 'एसिस अँड गॅलटिया'तलं पोलिफीमस राक्षसाचं 'ओ रडिअर दॅन द चेरी'. १७१८ चं. ऑफिक्लाइडपेक्षा शंभर वर्षं जुनं असलं तरी हे गाणं ऑफिक्लाइडवाल्यांनी स्वतःचं करून टाकलं होतं. व्हिक्टोरियन काळातला सगळ्यात नावाजलेला इंग्रज ऑफिक्लाइडवादक म्हणजे सॅम ह्यूज. तो वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या सायफार्था बँडमध्ये होता. लोखंडाच्या कारखान्याच्या मालक घराण्यातल्या रॉबर्ट क्रॉशे याने १८३८ मध्ये उभा केलेला हा बँड. भट्टीच्या गावात व्हेर्दी आणि रोसिनी वाजायचे, हाताने लिहिलेल्या वह्यांवरून, आणि त्या वह्या आजही तिथल्या सायफार्था कॅसलच्या संग्रहालयात आहेत. ह्यूज पुढे लंडनला कंडक्टर जुलियनच्या वाद्यवृंदात गेला.

गाण्याची गंमत अशी की राक्षस प्रेमात पडलाय आणि हेंडेलने त्याच्यासोबत वाजायला दिलीय चिमुकली रेकॉर्डर. राक्षस खाली डरकाळ्या फोडतो, वर बासरी चिवचिवते. पियानोच्या उजव्या हाताने ते काम होतं, पण मजा निम्मी होते. आमच्या बँडच्या कॉर्नेटवाल्यांपैकी एकीला रेकॉर्डर येते. विचारलंय.

तानांचं म्हणाल तर ऑफिक्लाइडवर त्या वाटल्या त्यापेक्षा हलक्या जातात. चावी उघडली की स्वर बदलतो, व्हॉल्व्हच्या आत हवा वळणं घेत बसत नाही. फुंकही युफोनियमपेक्षा कमी लागते. पण शेजारशेजारचे स्वर एकसारखे वाजत नाहीत. एक स्वर नळीच्या तोंडातून मोकळा येतो, पुढचा मधल्या भोकातून दबका, तिसरा पुन्हा वेगळा. जी मायनरची सरळ उतरती तान वाजवली तर पाच जण आलटूनपालटून गात असल्यासारखी ऐकू येते.

आरसा समोर ठेवून सराव करतेय. ओठ हलले की कळतं.

१० फेब्रुवारी

या असमान स्वरांवर आठवडाभर डोकं खाजवलं. आधी ते सपाट करायचा प्रयत्न केला, म्हणजे दबका स्वर जोरात, मोकळा स्वर हळू. ब्रास बँडमध्ये मला हेच शिकवलंय. पहिल्या व्हॉल्व्हचा स्वर आणि रिकामा स्वर ओळखू येता कामा नये.

मग पोलिफीमसच्या सुरावटीखाली इंग्रजी शब्द लिहून काढले आणि प्रत्येक स्वराखाली त्याचा स्वरवर्ण वेगळ्या रंगात. आणि बसून पाहिलं: गायकाच्या तोंडात तरी कुठे सगळे स्वर सारखे असतात? 'आ' उघडा, 'उ' मिटलेला, 'ई' टोकदार. सलग 'आऽऽ'वर गाणारा गायक दोन मिनिटांत कंटाळा आणेल. गाण्यात जिवंतपणा येतो तो या उघडझाकीतून, आणि ऑफिक्लाइड ती फुकट देतंय. फक्त त्याचं 'उ' माझ्या शब्दातल्या 'उ'वर पडेल अशी व्यवस्था लावायची. काही स्वरांना दोन-तीन वेगवेगळ्या चाव्यांनी वाजवता येतं, त्यात एक मोकळा असतो, एक झाकोळलेला. म्हणजे निवड आहे. आजपासून वहीत प्रत्येक लांब स्वरापुढे चावीचा क्रमांक आणि त्याखाली 'आ', 'ओ', 'उ' असं लिहायला लागले.

उलट बाजूने पाहिलं तर ब्रासच्या कारागिरांनी एकोणिसावं शतक नेमकं हे पुसण्यात घालवलं. १८७४ मध्ये लंडनच्या बूझी कंपनीच्या ब्लेकलीने कॉम्पेन्सेटिंग व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं, म्हणजे चौथा व्हॉल्व्ह दाबून खाली गेलं की हवा जास्तीच्या नळ्यांतून पुन्हा फिरते आणि खर्जातले स्वर चढे राहत नाहीत. माझं युफोनियम त्याच जातीचं. सुरेल, गुळगुळीत, वरपासून खालपर्यंत एक आवाज. ते वाजवताना स्वरवर्ण माझे मलाच तोंडाच्या आत घडवावे लागतात.

१७ फेब्रुवारी

जिभेचं प्रकरण. याच्यावर जरा सविस्तर, कारण हे मला इथे कुणी सांगितलेलं नाही.

आर्बनच्या पुस्तकात स्वर सुरू करायची अक्षरं 'तु' आणि 'दु'. माझे इंग्रज शिक्षक ते 'टू' म्हणून शिकवायचे, जीभ वर, दातांच्या मागच्या उंचवट्यावर, आणि मागून हवेचा एक फुसकारा. मीही तसंच शिकले. पण आर्बन फ्रेंच होता. फ्रेंचांचा आणि इटालियनांचा 'त' आपल्या 'त'सारखा दातांवर असतो आणि त्याला हवेचा फुसकारा जोडलेला नसतो. त आणि ट आपल्या कानाला दोन वेगळी अक्षरं आहेत, त आणि थ सुद्धा. इंग्रज कानाला हे सगळं एकच.

फरक ऐकण्यासारखा आहे. 'ट'ने सुरू केलेला स्वर आधी ठोकला जातो, मग गातो. 'त'ने सुरू केलेला गात गातच येतो. मृदू 'द'ने तर दोन स्वरांमधली आस तुटतही नाही आणि अक्षर मात्र कळतं. युफोनियमवर फरक मोठा, ऑफिक्लाइडवर त्याहून मोठा, कारण त्या जुन्या माउथपीसला जोराचा धक्का सहनच होत नाही, स्वर फाटतो.

दुसरं, जोडाक्षरं. इटालियन गायक दुहेरी व्यंजनाआधी आवाज क्षणभर अडवतो. पियानोवाल्या बाई हे विद्यार्थ्यांना शिकवून थकतात म्हणे. 'पता' आणि 'पत्ता' यातला फरक ज्याला येतो त्याला हे वेगळं शिकावं लागत नाही. व्हेर्दीच्या 'दॉन कार्लो'मधल्या फिलिप राजाच्या गाण्याची सुरुवातच 'एल्ला जाम्माई मामो'. 'एल्ला'त जीभ टेकवून हवा धरायची, 'जाम्माई'त ओठांनी धरायची. माउथपीसवर ओठ मिटता येत नाहीत, म्हणून दोन्हीकडे जिभेने, पण दुसऱ्या वेळी जास्त मऊ. तेवढ्या अडवणुकीने म्हातारा राजा बोलायला लागतो.

(हा ऑपेरा १८६७ मध्ये पॅरिसला मुळात फ्रेंचमध्ये झाला. मूळ भाषेचा आग्रह धरायचा तर फ्रेंच शब्द घ्यायला हवेत. मला जोडाक्षरं हवी आहेत, मी इटालियन घेतेय.)

१८ फेब्रुवारी

सांगलीला काकांना फोन. त्यांनी उमेदीची वर्षं लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवण्यात काढली. वरातीत सिनेमाची गाणी, पण गावातली म्हातारी माणसं फर्माईश करायची नाट्यपदांची. त्यांना विचारलं, शब्द नसताना लोकांना पद ओळखू कसं यायचं?

"अगं, चाल सगळ्यांनाच येते. मी शब्द मनात म्हणत वाजवायचो. शब्द विसरलो की हात वाजवायचे आणि लोक गप्पा मारायला लागायचे."

मग जेवलीस का, थंडी किती आहे, वगैरे.

४ मार्च

गेले दोन आठवडे प्रकल्प बंद. बँडची एरिया (प्रादेशिक) स्पर्धा होती, रोज तालीम. ओठ सुजलेत. आज फक्त बोर्दोन्यीच्या व्होकॅलीझ, हळू.

हेही एक मजेशीर नातं. बोर्दोन्यी हा बर्गामोकडचा टेनर, पॅरिसच्या कॉन्झर्वातोआरमध्ये गाणं शिकवायचा. त्याने गळ्यासाठी लिहिलेले धडे बॉस्टन सिंफनीच्या ट्रॉम्बोनवादक रोशूने १९२८ मध्ये ट्रॉम्बोनसाठी छापले, आणि तेव्हापासून जगभरचे खर्जवाले लेगाटो (स्वर जोडून वाजवणं) शिकतात ते एका ऑपेरा गायकाच्या वहीतून. शब्द नसलेलं गाणं, तरी श्वासाच्या जागा गळ्याच्या.

१६ मार्च

सर्पंट आला. ख्रिस्तोफर मंक यांच्या कार्यशाळेतला आहे, म्हणजे जुना नाही. विसाव्या शतकात हे वाद्य पुन्हा घडवायला आणि वाजवायला लागलेल्या मोजक्या माणसांत मंक होते, १९७६ मध्ये लंडन सर्पंट ट्रिओ त्यांनीच जमवला. मालक एक निवृत्त ट्यूबावादक. एप्रिलअखेरीस परत हवाय, पण मैफिलीच्या दिवशी स्वतः घेऊन येतील.

लाकडाची दोन अर्धुकं कोरून चिकटवलेली, वरून चामडं, आकार नागमोडी. सहा भोकं, तीन एका हाताला, तीन दुसऱ्या. भोकं बोटं पोचतील तिथे पाडलीत, स्वराला जिथे हवीत तिथे नव्हे. म्हणून बोटं फक्त सुचवतात, स्वर ओठांनी ठरवायचा. व्हॉल्व्हच्या सवयीने आलेल्या माणसाला पहिला आठवडा पाय ठेवू तिथे जमीन नाही असं वाटतं. कान उघडे ठेवून गळ्याने आधी गायचं, मग फुंकायचं, एवढीच युक्ती. खरं तर गायकाची तालीमच.

परंपरेने सांगतात की १५९० च्या सुमारास ओसेरच्या एका धर्मगुरूने, एद्मे गियोमने, हा चर्चमधल्या गाण्याला आधार द्यायला काढला. म्हणजे माणसांच्या आवाजात मिसळणं हेच याचं काम. बर्लिओझने १८४० च्या दशकातल्या आपल्या वाद्यवृंदाच्या ग्रंथात याला रानटी ठरवलं, कॅथलिक पूजेपेक्षा ड्रुइडांच्या, म्हणजे प्राचीन केल्ट पुरोहितांच्या, रक्तरंजित विधींना शोभला असता म्हणाला. बर्लिओझचा कान मोठा, पण त्याने ऐकले असतील ते बहुधा मोठ्या वाद्यवृंदात जिवाच्या आकांताने फुंकलेले सर्पंट. एकट्या खोलीत, हळू वाजवलेला, तो घोगऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा येतो.

गाणं: मोझार्टच्या 'झाउबरफ्लोट'मधली ('जादूची बासरी') झारास्त्रो या पुरोहिताची प्रार्थना, 'ओ इझिस उंड ओझिरिस'. १७९१. एफ मेजर, संथ, आणि सोबतीच्या वाद्यांत व्हायोलिनं नाहीत. व्हायोला, चेलो, बासेट हॉर्न, बासून आणि तीन ट्रॉम्बोन. असा काळोखा रंग पियानोवर येत नाही. पियानो काढून टाकला. बँडच्या तिघा ट्रॉम्बोनवाल्यांना बोलावलंय, मधली समूहगानाची उत्तरंही तेच देतील.

२४ मार्च

तीन ट्रॉम्बोन आणि सर्पंट, पहिली तालीम. ट्रॉम्बोनवाल्यांना दर दोन ओळींनी सांगावं लागलं, हळू. त्यांचं हळू म्हणजे माझं जोरात. शेवटी त्यांना पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसवलं. जमलं.

खालचा एफ सर्पंटवर डळमळतो. युफोनियमवर चौथा व्हॉल्व्ह दाबला की खांबासारखा उभा. तरी मला डळमळणारा आवडतोय, प्रार्थनेत इतकी खात्री कशाला.

७ एप्रिल

व्हेर्दी. 'सिमोन बोकानेग्रा'चा प्रस्तावनेचा प्रवेश, फिएस्कोचं 'इल लाचेरातो स्पिरितो'. व्हेनिस, १८५७; व्हेर्दीने १८८१ मध्ये मिलानसाठी ऑपेरा बराच बदलला, पण ही जागा टिकली. मुलगी मारिया नुकतीच गेली आहे, आतून शोकाचं समूहगान ऐकू येतंय, आणि हा अभिमानी म्हातारा दाराबाहेर उभा. एफ शार्प मायनरमध्ये सुरू, मेजरमध्ये संपतं, शेवटी खालचा एफ शार्प.

दोन्ही वाद्यांवर वाजवून रेकॉर्ड केलं आणि एका बास गायक मित्राला न सांगता ऐकवलं.

युफोनियम: निर्दोष. सूर पक्का, ओळ लांब, शेवटचा एफ शार्प दुसऱ्या-तिसऱ्या व्हॉल्व्हवर भरभक्कम. मित्र म्हणाला, "सुंदर आहे. पण याचं कुणी मेलेलं नाही." आमच्या बँडचा व्हायब्रेटो त्यात आपोआप आला होता, प्रत्येक लांब स्वरावर सारखाच थरथरणारा. गायक व्हायब्रेटो स्वराबरोबर बदलतो, कुठे सरळ धरतो, कुठे शेवटी सोडतो. व्हायब्रेटो पूर्ण काढून पुन्हा वाजवलं. सुधारलं, पण मग ते सभ्य वाटायला लागलं.

ऑफिक्लाइड: पहिल्या वाक्यातला उंच स्वर खरखरला. शेवटचा एफ शार्प नळीच्या तळच्या सप्तकातला, तीन-दशांश नळी उघड्या भोकाखाली नुसती लोंबतेय, त्यामुळे आवाज पोकळ. मित्राने डोकं वर केलं. "हा कोण?" गायकाने वाद्याला 'कोण' म्हणावं, निर्णय तिथेच झाला.

मात्र मेजरमधला शेवटचा भाग, जिथे म्हातारा मारियाकडे याचना करतो, तिथे ऑफिक्लाइडला अखंड मऊ ओळ साधत नाही. शब्दांच्या मधे श्वास चोरावा लागतो. गायकानेच जागा दाखवल्या: स्वल्पविरामाशी नाही, क्रियापदाच्या आधी. तिथे श्वास म्हणजे दम लागल्यासारखा ऐकू येतो आणि खपून जातो.

१४ एप्रिल

सिम्बासो (इटालियन ऑपेरातलं खर्जाचं वाद्य) पाहून झाला. आधुनिक, एफ पट्टीचा, रोटरी व्हॉल्व्हचा, एका ट्यूबावादकाकडून दोन दिवसांसाठी. बेलिनी आणि तरुण व्हेर्दीच्या काळात सिम्बासो म्हणजे लाकडी, सर्पंटच्या कुळातला प्रकार होता. आजचं हे वाद्य ट्रॉम्बोनच्या कुळातलं. नाव तेच, अंग वेगळं. रोसिनीची 'ला कालुन्निया' घेतली: अफवा वाऱ्याच्या झुळकीसारखी सुरू होते आणि तोफेपर्यंत जाते. तोफ अप्रतिम. झुळूक मात्र पहिल्या मिनिटापासून तोफच. गाणं कार्यक्रमातून काढलं, सिम्बासो परत केला.

२१ एप्रिल

युफोनियमला काय द्यायचं? दोनिझेत्तीचं 'ऊना फुर्तीवा लाग्रिमा' (मिलान, १८३२) आणि फिलिप राजा. पहिलं टेनरचं आहे, पण युफोनियमच्या वरच्या सप्तकात ते गळ्याच्या उंचीवरच बसतं, खाली ओढावं लागत नाही. बी फ्लॅट मायनर, वाद्याची घरची पट्टी. इथे गुळगुळीतपणाच हवा. वेडा झालेला साधाभोळा पोरगा, एका अश्रूवर विश्वास ठेवणारा. त्याला खरखर नको.

दक्षिण इटलीतल्या, विशेषतः पूल्याच्या, बँडांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकतेय. तिकडे गावच्या संताच्या उत्सवात दिव्यांनी मढवलेला लाकडी मंडप, कास्सा आर्मोनिका, उभारतात आणि बँड ऑपेराचे अंकच्या अंक वाजवतो. गायक नसतात. सोप्रानोची भूमिका फ्लिकोर्नो सोप्रानो करतो, टेनरची फ्लिकोर्नो तेनोरे, बॅरिटोनची बोंबार्दिनो, जो आमच्या युफोनियमचा जवळचा नातेवाईक. ज्या गावांना नाट्यगृह परवडत नव्हतं त्यांनी व्हेर्दी असा ऐकला. इकडे इंग्लंडातही १८५३ पासून मँचेस्टरच्या बेल व्ह्यूच्या स्पर्धांत बँड ऑपेराच्या निवडक भागांवरच झगडायचे, १९१३ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला बँडसाठीच लिहिलेली रचना नेमली जाईपर्यंत. पण इंग्लंडात निकाल पडद्याआड बसलेला परीक्षक द्यायचा, आणि चूक झाली की गुण कापायचा. तिकडे चौकातले लोक शब्द पाठ असलेले. मला वाटतं आमचं गुळगुळीत वाजवणं त्या पडद्यामागून आलंय आणि पूल्यावाल्यांचं रडणं-ओरडणं चौकातून. ते बोंबार्दिनोवाले दोन स्वरांमधे बिनदिक्कत मींड घेतात. आमच्या बँडमास्तरांनी मला खोलीबाहेर काढलं असतं.

'फुर्तीवा'च्या शेवटच्या मोकळ्या जागेत मी आता मींड घेतेय. एकच. दुसरी घेतली की लाडिक होतं.

४ मे

चर्चमध्ये रंगीत तालीम. दगडी भिंती, आवाज बराच वेळ रेंगाळतो. पोलिफीमसच्या ताना एकमेकींत मिसळून काला झाला. लय उतरवली आणि 'त' थोडा 'ट'कडे नेला. महिनाभर जे सोडवलं ते इमारतीसाठी परत घ्यावं लागलं. रेकॉर्डरवाली मात्र अशा जागेत झळाळते. राक्षस वेदीजवळ, बासरी मागच्या सज्ज्यात, असं ठरलं.

क्रम: पोलिफीमस, झारास्त्रो, फुर्तीवा, फिएस्को, फिलिप. पट्टी बदलायचं बटण दाबायला बाईंना टाळ्यांचा वेळ पुरेल. फिलिपच्या आधीचा चेलोचा एकल भाग खऱ्या चेलोवर, गावातल्याच एका चेलोवाल्या आजोबांनी होकार दिलाय.

११ मे

झालं. काही टिपणं, विसरण्याआधी.

पोलिफीमसला लोक हसले, दुसऱ्या ओळीपासूनच. शब्द नसताना. सज्ज्यातल्या बासरीचा निम्मा वाटा.

झारास्त्रोच्या वेळी सर्पंट पाहून लहान मुलं पुढे सरकली. एफ डळमळला आणि एकदा पूर्ण गेलाही. तिसऱ्या ट्रॉम्बोनने तो लगेच उचलला.

४५२ वरून ४४० वर उतरल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, एक सोडून. पियानो जुळवणारे एक गृहस्थ मागच्या बाकावर होते, ते मध्येच कान चोळत होते. मैफिलीनंतर येऊन त्यांनी बाईंची झडती घेतली.

फिएस्कोनंतर टाळ्या उशिरा आल्या. फिलिपच्या वेळी मी थकले होते आणि जोडाक्षरांची अडवणूक ढिली पडली. रेकॉर्डिंगमध्ये 'जाम्माई'चं 'जामाई' झालंय. तरी चेलोच्या शेवटच्या स्वरातून युफोनियम आत आलं ती जागा या सगळ्यातली सर्वांत चांगली. दोन वाद्यांमधला सांधा ऐकू येत नाही.

१८ मे

सर्पंट मैफिलीनंतर मालकांबरोबरच गेला. ऑफिक्लाइड वर्षअखेरपर्यंत माझ्याकडे आहे.

संग्राहकांनी रेकॉर्डिंग ऐकून कळवलंय की चौथ्या चावीची स्प्रिंग ढिली असावी, फिएस्कोतला एक स्वर उशिरा बंद होतोय. बरोबर आहे, तपासली. स्प्रिंग बदलायची. 'ला कालुन्निया' आता ऑफिक्लाइडवर करून बघणार: झुळूक दबक्या चाव्यांनी, तोफ मोकळ्या. चाव्यांचा तक्ता काढायला घेतलाय, पहिल्या सोळा मात्रा झाल्या. पण आधी व्हिट फ्रायडेच्या बँडस्पर्धा, सॅडलवर्थच्या गावागावांतून रात्रीपर्यंत नुसते मार्च. त्या आठवड्यात ओठ दुसऱ्या कशाला उरणार नाहीत.